जुनी सात सीटर घेताना: फॉर्च्युनर की एंडेव्हर?

आम्ही दोघं, दोन मुलं, आई-वडील आणि सुट्टी लागली की हक्काने येणारी भाची. हॅचबॅकमध्ये दर वेळी कुणीतरी घरी राहायचं, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक आईच असायची. नवी मोठी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी) घ्यायची तर खिसा फाटतो, म्हणून जुनी शोधायला लागलो. नाशिकच्या बाजारात असा शोध सुरू केला की गाडं शेवटी टोयोटाची फॉर्च्युनर आणि फोर्डची एंडेव्हर या दोन नावांवर येऊन थांबतं. दोन्ही 2016 पासूनच्या पिढीतल्या, डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर असं धरून लिहितोय. एअरबॅगा किती आणि स्क्रीन केवढी, हे कुठेही वाचायला मिळेल.

बाकीच्यांना आधी मार्गी लावतो. स्कॉर्पिओ इथेच नाशकात बनलेली, त्यामुळे तिच्याबद्दल गावाला अंमळ जास्तच माया आहे. कुठलाही मेकॅनिक ती उघडतो. पण तिसरी रांग भरली की सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतो. सफारी स्टॉर्म मला मनापासून आवडते, पण तिच्या मागच्या दोन सीटा आडव्या, समोरासमोर तोंड केलेल्या. कसारा घाटात त्यावर बसवलेलं पोर उलटी करणार हे ठरलेलं, आणि लहानग्याची चाइल्ड सीट तिथे लावण्यात अर्थ नाही. इनोव्हा क्रिस्टा घरासाठी या सगळ्यांत शहाणी. फक्त तिला फोर बाय फोर नाही, आणि आमची वाट पिंपळगावकडे सासऱ्यांच्या मळ्यात जाते, जिथे पावसाळ्यात शेवटचा टप्पा निव्वळ काळी माती असते. तुमची वाट दारापासून दारापर्यंत डांबरी असेल तर पुढे वाचू नका, क्रिस्टा घ्या.

आता फॉर्च्युनर. तिचं कौतुक करायला माझी गरज नाही. विकायला काढली तर फोन थांबत नाहीत. पार्ट मिळतात, माणसं मिळतात, पुढच्या दहा वर्षांची काळजी नाही. त्याच सालाच्या, तेवढ्याच चाललेल्या एंडेव्हरपेक्षा ती काही लाखांनी महाग पडते, पण विकताना ते पैसे बऱ्यापैकी परत येतात. तिसऱ्या रांगेत जायलाही ती सोपी: मधली सीट एका झटक्यात दुमडून पुढे उलटते आणि वाट मोकळी होते. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना हे फार पटलं होतं. (पांढरी फॉर्च्युनर दारात लागली की शेजारी 'यंदा तिकीट कुठून?' असं विचारतात, तो भाग वेगळा.)

बायकोला मात्र ती पहिल्याच वळणाला नकोशी झाली. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांचं हायड्रॉलिक स्टिअरिंग संथ वेगात जड लागतं. हायवेला ते भक्कम वाटतं, मला तर आवडलंच. पण रविवार कारंज्यापासून सराफ बाजाराकडे जाताना, किंवा कॉलेज रोडला दोन गाड्यांच्या मधे मागे घेताना खांदा भरून येतो. एंडेव्हरचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक, अगदी हलकं. एवढं धूड एका हाताने वळतं. गाडी रोज कोण चालवणार आहे ते आधी ठरवा आणि त्याच माणसाला गर्दीच्या वेळी शालिमारकडून एक चक्कर मारायला लावा.

चिखलाचं म्हणाल तर दोन्ही तयारीच्या आहेत, लो रेंज, म्हणजे रुतलेली गाडी सावकाश पण जोराने ओढून काढणारा खालचा गिअर, दोन्हीत आहे. फरक रोजच्या पावसाळी वापरात जाणवतो. फॉर्च्युनरची फोर बाय फोर नॉब फिरवून लावावी लागते, आणि कोरड्या डांबरावर ती लावून ठेवायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, मधे तो फरक सोसणारं डिफरन्शियल नसतं, आणि सगळा ताण यंत्रणेवर येतो. घोटीहून भंडारदऱ्याकडे निघालं की रस्ता एका वळणाला ओला, पुढच्याला कोरडा. तिथे सारखं लाव-काढ कोण करणार? 3.2 लिटरची एंडेव्हर गरज पडेल तशी पुढच्या चाकांना ताकद आपोआप देते, आपण फक्त गाडी चालवायची. काळ्या मातीत मात्र रस्त्याचे गुळगुळीत टायर असतील तर दोन्ही सारख्याच रुततात. गाडीच्या किमतीत ऑल-टेरेन टायरचे पैसे धरूनच सौदा करा.

इथवर तराजू जवळजवळ समान होता, खरं तर फॉर्च्युनरकडे थोडा झुकलेलाच. माझ्यापुरता निकाल लागला तो डिकीत.

सात सीटर घेतली तरी सात माणसं रोज नसतात. आठवड्यातले बहुतेक दिवस आम्ही चार-पाचच, आणि मागे सामान. म्हणजे तिसरी रांग उघडी असण्यापेक्षा मिटलेलीच जास्त असते, आणि ती कशी मिटते हे गाडी बघताना कुणी बघत नाही. फॉर्च्युनरमध्ये तिसऱ्या रांगेची प्रत्येक सीट आधी दुमडायची, मग उचलून बाजूच्या काचेकडे उभी करायची आणि पट्ट्याने अडकवून ठेवायची. एक डावीकडे, एक उजवीकडे. सीट हलकी नाही. एका हाताने ती वर धरायची आणि दुसऱ्याने हुक शोधायचा. कडेवर बाळ असेल तर हे काम होत नाही, आणि आईला तर ते झेपणारच नव्हतं. अडकवून झाल्यावरही त्या दोन सीटा दोन्ही बाजूंनी जागा खातात आणि मागच्या छोट्या काचा अर्ध्या झाकतात. आईने एकदा आत डोकावून विचारलं, "अरे, हे सामान ठेवायला आहे का कपडे वाळत घालायला?"

द्राक्षाच्या हंगामात मळ्यातून येताना सासरे दोन-तीन कॅरेट दिल्याशिवाय सोडत नाहीत. मित्राची फॉर्च्युनर काही दिवस वापरायला होती तेव्हा कॅरेट आडवं एकच मावायचं, दुसरं त्याच्यावर, आणि बाबागाडी मधल्या रांगेत कुणाच्या तरी पायाशी. एंडेव्हरमध्ये त्याच सीटा दुमडून जमिनीत सपाट होतात. टायटॅनियम या वरच्या मॉडेलमध्ये तर डिकीतलं बटण दाबलं की झालं. कॅरेट शेजारी-शेजारी, बाबागाडी आडवी, वर आईची पिशवी. जमीन जरा उंच आहे आणि सामान चढवताना कमरेला कळतं, हे कबूल. पण रोज सीटांशी कुस्ती नाही. ज्यांच्याकडे खरोखरच रोज सात माणसं असतात, किंवा ज्यांनी तिसरी रांग काढून माळ्यावर टाकलीय, त्यांना या तक्रारीचं काहीच वाटणार नाही. मला वाटलं, आणि गाडी त्यावर ठरली.

बसणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्हींची तिसरी रांग पोरांसाठीच. चॅसीवर उभ्या गाड्या, जमीन उंच, मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटापर्यंत ठीक, नागपूरपर्यंत नको, समृद्धी कितीही सरळ असो.

एंडेव्हरची दुखरी बाजू सगळ्यांना माहीत आहे. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सर्व्हिस आणि पार्ट पुरवायचं त्यांनी मान्य केलं, आणि नेहमीच्या फिल्टर-ब्रेकच्या वस्तूंना मला अडचण आलेली नाही. पण बंपर, दिवा, काच अशा गोष्टींना थांबावं लागू शकतं, आणि दुसरी गाडी नसलेल्या घराला ते जड जाईल. पाच सिलिंडरचं 3.2 इंजिन शहरात डिझेलही मनमुराद पितं. फॉर्च्युनर त्यात नक्कीच संयमी. गाडी तीन वर्षांत पुन्हा विकायचा विचार असेल तर मी स्वतः तुम्हाला फॉर्च्युनरच घ्या म्हणेन. मुलं दहावीला जाईपर्यंत ठेवायची असेल तर रिसेलचा मुद्दा माझ्या मते निम्मा गळून पडतो.

बघायला जाल तेव्हा थोडं जपून. दोन्ही गाड्या टू-व्हील ड्राइव्हमध्येही विकल्या गेल्यात आणि 'फोर बाय फोर'चा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. बिल्ला बघू नका, मातीत नेऊन लो रेंज लागते का आणि डॅशबोर्डवरचा तिचा दिवा स्थिर राहतो का ते बघा. पहिल्या पिढीची 3 लिटर फॉर्च्युनर स्वस्तात मिळत असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा, दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे हिरिरीने विकल्या जातात. त्यांची एनओसी, इथला टॅक्स आणि आरटीओच्या चकरा यांत स्वस्ताईचा बराच भाग जिरतो. आणि निफाड-दिंडोरीकडची बागायतदाराची गाडी असेल तर डिकीतलं कार्पेट उचलाच. मोरचूद आणि गंधकाच्या गोण्या वाहिलेल्या गाडीच्या पत्र्यावर निळे-पिवळे डाग आणि कडेने खाल्लेला रंग दिसतो. वरून पॉलिश मारलेलं असतं, तिथे खाली कुणी मारत नाही.

एंडेव्हरचा सौदा करताना 'कंपनी गेली' हे तुम्ही बोलायच्या आधी विकणाराच बोलतो, आणि लगेच 'पण पार्ट मिळतात हो' असंही म्हणतो. तेव्हा काही बोलू नका, डिकी उघडून सीटा वर-खाली करत राहा. आकडा तोच खाली आणतो.