खातं बंद करणाऱ्या बँकेचंच क्रेडिट कार्ड : काही महिने वापरल्यावर

या महिन्याच्या स्टेटमेंटवर पुन्हा माझं माहेरचं नाव आलं, म्हणून आज लिहायला बसले. कार्ड रुपे आहे, लाइफटाइम फ्री आहे. पॉइंट किती, कुठे मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. पण ज्यांचं खातं बँकेने कधीकाळी बंद केलंय आणि आता त्याच बँकेचं कार्ड हवंय, त्यांनी हे वाचून मगच अर्ज करावा.

माझी पहिली नोकरी अंधेरीला. कंपनीने सगळ्यांची सॅलरी अकाउंट याच बँकेत उघडली होती. नोकरी सुटली, पगार येणं थांबलं, तसं बँकेने परस्पर ते साधं बचत खातं करून टाकलं आणि किमान शिल्लक लागू केली. त्याची सूचना गेली जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, जो नोकरी सोडल्या दिवशीच बंद झाला होता. खात्यात होते ते पैसे चार्जेसमध्ये गेले आणि खातंही बंद झालं. पुढे लग्न झालं, मी मुलुंडला आले, दुसऱ्या बँकेत खातं होतंच. विषय तिथेच संपला होता.

मग यूपीआयवर चालणारं, फी नसलेलं कार्ड हवं म्हणून याच बँकेत ऑनलाइन अर्ज केला. पॅन नंबर टाकला, सॅलरी स्लिपा जोडल्या, आणि व्हिडिओ केवायसीच्या आधीच मेसेज आला : अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही. माझा सिबिल स्कोअर (कर्ज-कार्डं वेळेवर फेडण्यावरून मिळणारे गुण) ७५०च्या वर आहे, आजवर एक हप्ता चुकलेला नाही. रिपोर्ट काढून पाहिला (सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका). सगळं स्वच्छ. सिबिलमध्ये कर्जं आणि कार्डं दिसतात, साधं बचत खातं नाही. त्यामुळे अडचण काय आहे ते रिपोर्टवरून कळणारच नव्हतं, ती बँकेच्या स्वतःच्या नोंदीत होती. रिपोर्टमध्ये नवीन दिसलं ते एवढंच, की या बँकेने चौकशी केली. अशा चौकश्या साठल्या की स्कोअर घसरतो, म्हणून कारण कळेपर्यंत परत अर्ज करू नका.

आणि कारण सांगणं बँकेला बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांत स्पष्ट आहे की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमकं कारण नव्हे. मी तसं ईमेलमध्ये लिहिलं, तेव्हा तेच वाक्य परत आलं. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं आणि शेवटी घातलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तेव्हा कुठे ब्रँचमधून फोन आला.

ब्रँचमधल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. जुना कस्टमर आयडी, माहेरचं नाव, अंधेरीचा पत्ता, खातं बंद, आणि शिल्लक उणे. सहाशे रुपयांच्या आसपास, सगळी किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाची. मी तिथेच सांगितलं की केवळ या दंडापायी बचत खातं उणे करता येत नाही, १ एप्रिल २०१५ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे आणि माझं खातं त्यानंतरचं आहे. शेजारच्या टेबलवरचे गृहस्थ म्हणाले, “अहो मॅडम, भरून टाका ना, एवढ्याशा पैशांसाठी कशाला?” मी भरले नाहीत. जे देणं मी लागतच नाही ते भरायचं कशाला? त्या मॅडमनी मात्र वरून मंजुरी मागवून ती रक्कम काढून टाकली आणि खात्यावर काही येणं नाही असं पत्र दिलं. हे पत्र मागून घ्याच, पुढे प्रत्येक वेळी तेच कामाला आलं.

दुसरा गुंता नावाचा. लग्नानंतर पॅनवरचं नाव बदललं तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे एकाच नंबरवर बँकेला दोन बायका दिसत होत्या. पालिकेच्या टी वॉर्डातून काढलेला विवाह नोंदणीचा दाखला आणि नवं आधार देऊन जुन्याच आयडीवर केवायसी करून घेतलं.

एवढं करूनही साधं कार्ड नाहीच दिलं, एफडीवर घ्या म्हणाले, म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून. शेवटी तेच घेतलं. तेव्हा इतका संताप आला होता की या बँकेत पाऊल टाकू नका, असंच मी चार जणींना सांगितलं. आज तसं सांगणार नाही. एफडीवर व्याज चालू राहतं, त्यातून काही जात नाही, आणि कार्ड खरंच उत्तम चालतं. किराणा, औषधं, दूध सगळं यूपीआयने यावरच. फक्त स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या मावशींकडे अडतं, कारण त्यांचा क्यूआर स्वतःच्या खात्याचा आहे आणि क्रेडिट कार्डावरून फक्त व्यापारी क्यूआरलाच पैसे जातात. मेथीच्या जुड्या पिशवीत पडल्यावर ते कळलं, तेव्हापासून सुट्टे ठेवते. ॲप साधं आहे, बिल आपोआप भरलं जातं, एक रुपया जादा लागलेला नाही.

पण ते स्टेटमेंट! कार्डावर सासरचं नाव, ईमेलवर सासरचं, आणि पीडीएफ उघडली की माहेरचं. पासवर्डसुद्धा माहेरच्याच नावाच्या अक्षरांचा. दर वेळी तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद होते आणि पुढचं स्टेटमेंट तसंच येतं. कोणाला ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण ऑफिसच्या कामाचा खर्च मी कार्डावर करते आणि नाव जुळत नाही म्हणून आमचं अकाउंट्स बिल परत पाठवतं. दोन हजारांच्या टॅक्सी बिलासाठी दर वेळी विवाहाचा दाखला जोडावा लागतो. केवळ यासाठी मी या कार्डाला पाचपैकी तीनच देते.

एफडी मोकळी करून साधं कार्ड द्या, असा अर्ज आता दिला आहे. बिलं वेळेवर भरल्याचा रेकॉर्ड त्यांच्यासमोर आहेच. नाही म्हणाले तर कारण लेखीच घेईन. आणि कधी फी लावली तर कार्ड बंद करायचा अर्ज देईन. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, पुढे उशीर केला तर बँकेने ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यायचे, हेही त्याच निर्देशांत आहे.