पोस्टपेड ठेवावं की प्रीपेडवर यावं?

आपल्याकडे अमेरिकेसारखा दोन वर्षांचा करार आणि त्यासोबत फोन, असा प्रकार फारसा रुजला नाही. हँडसेट आपण वेगळा घेतो, बहुतेक वेळा हप्त्यावर. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की महिन्याला बिल भरायचं की रिचार्ज मारायचा. मी बरीच वर्षं पोस्टपेडवाला होतो, आता घरातले एक सोडून सगळे नंबर प्रीपेडवर आहेत. तेव्हा माझा कल कुठे असणार ते तुम्हाला कळलंच असेल. तरी दोन्ही बाजू मांडतो, कारण काही घरांत पोस्टपेडच स्वस्त पडतं.

आधी हिशेब उरकू. प्रीपेडची छापील किंमत कर धरून असते, पोस्टपेडच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचं सर्वांत साधं पोस्टपेड ३४९ झालं, म्हणजे हातात येणारं बिल ४१२ रुपयांचं. वर्षाचे ४,९४२. त्याच कंपनीचा ३६५ दिवसांचा प्रीपेड ३,५९९ ला, वर कर नाही. सरळ तेराशे-साडेतेराशेचा फरक. दर सतत हलतात, तुम्ही वाचाल तेव्हाचे आकडे ॲपमध्ये बघून घ्या. कराची ही गंमत मात्र तशीच राहते.

आता दुसरी बाजू. कुटुंबाचा प्लॅन घेतला की पारडं फिरतं. त्याच दरवाढीनंतर जिओचं ४४९ चं मुख्य कनेक्शन आणि त्याच बिलावर घरच्यांसाठी प्रत्येकी १५० ची तीन जोडसिम (ॲड-ऑन) धरली, तर कर धरून महिन्याला साधारण १,०६१ होतात. चौघांत माणशी २६५. प्रीपेडवर रोजच्या दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक एकट्यालाच २९९ ला होता. डेटा मात्र सामायिक असतो. घरात कॉलेजचा मुलगा असेल आणि आयपीएल चालू असेल, तर डेटा महिन्याच्या मध्यालाच कुठे जातो ते विचारू नका. वायफाय असलेल्या, शिस्तीच्या घराला हे परवडतं. आमचं घर त्यात बसत नाही.

प्रीपेडचा वैताग कुठला, तर २८ दिवस. बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. कंपन्यांनी महिना २८ दिवसांचा केला आणि आपण तो गुमान मान्य केला. पगार एक तारखेला, रिचार्ज कधी पाच, कधी दोन, कधी मागच्या महिन्याच्या तीस तारखेला. पॅक संपायच्या आधी आठवडाभर मेसेजचा मारा सुरू होतो, फोन लावला तर आधी तीच बाई बोलते. गावी आईच्या फोनचा पॅक संपला की आपल्याला कळतं ते शेजारच्या काकूंच्या फोनवरून. ‘वर्षाचा’ म्हणून विकलेल्या काही पॅकची मुदतही ३३६ दिवसच असते. २८ गुणिले १२ करून बघा.

यावर उपाय आहे, फक्त तो ॲपमध्ये वरच्या बाजूला दिसत नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होईल असा किमान एकेक पॅक ठेवायला लावला. जिओचा असा महिन्याच्या तारखेचा पॅक ३१९ चा होता, रोज दीड जीबी. बारा वेळा ३१९ म्हणजे ३,८२८, तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७. वरवर महाग दिसणारा पॅकच स्वस्त पडला, शिवाय तारीख कायम. ऑटोपे लावलं की रिचार्ज विसरायची भीती संपते, आणि पोस्टपेडची ती मोठी सोय प्रीपेडवरही मिळते.

माझ्यासाठी निर्णय ठरला तो पैशांवर नव्हे. पोस्टपेडमधून बाहेर पडताना जे झालं त्यावर.

मी नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. कंपनीचं नाव घेत नाही, दुसरीकडे काही वेगळं घडलं असतं अशी माझी समजूत नाही. शेवटचं बिल भरून, पावती घेऊन, मगच पोर्टचा मेसेज टाकला होता. नवीन सिम चालू झालं, आणि काही आठवड्यांनी जुन्या कंपनीचा एसएमएस आला: ‘अंतिम बिल’ थकीत. रक्कम दोनशेच्या आसपास. बिल निघाल्यापासून पोर्ट होईपर्यंतचे दिवस, त्यावर कर, हे समजू शकतो. खाली आणखी एक ओळ होती, कसल्याशा सेवेची. ती काय हे विचारायला कस्टमर केअरला फोन केला, तर नंबर आता त्यांचा नाही म्हणून सिस्टीममध्ये दिसत नाही. कंपनीच्या दुकानात, म्हणजे गॅलरीत गेलो, तर तिथल्या पोराने अदबीने सांगितलं, ‘सर, पोर्ट-आउट झालेलं आमच्याकडे ओपनच होत नाही.’ वसुलीवाल्यांना मात्र नंबर बरोबर दिसत होता. ऐन मीटिंगमध्ये फोन यायचे, एकदा वकिलाच्या नावाने मेसेजही आला. दोनशे रुपयांसाठी!

भरून टाकले असते तर विषय मिटला असता, असं बायकोचं म्हणणं. शेवटी भरलेच. कारण जुन्या कंपनीची थकबाकी राहिली, तर पोर्टेबिलिटीच्या नियमांनुसार ती नव्या कंपनीला तुमचा नंबर बंद करायला सांगू शकते. बँक, आधार, गॅस, मुलांची शाळा, सगळं ज्या नंबरावर आहे, तो दोनशे रुपयांच्या वादासाठी कोण पणाला लावेल? हेच मला खुपलं. पोस्टपेडमध्ये आधी वापर, मग मागणी, आणि मागणी चुकीची वाटली तरी मुदत तुमची सरत असते. प्रीपेडमध्ये नको असलेल्या एखाद्या सेवेचे फार तर पन्नास-शंभर रुपये बॅलन्समधून जातात. चीड येते, ती सेवा बंद करायला १५५२२३ लावावा लागतो, पण मागे कोणी लागत नाही.

कुणाचा अनुभव याहून सरळ असेलही. माझा मेहुणा आजही पोस्टपेडवर खूश आहे, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. बिल ऑफिस भरतं, कंपनीच्या नावाचं जीएसटी बिल लागतं, वर्षातून दोन-तीनदा परदेशी जाणं होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक फायदा आहे. केवायसीसाठी बँक पत्त्याचा पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं पोस्टपेड बिल चालवून घेते, आणि प्रीपेडला बिलच नसल्यामुळे ती सोय नाही. वीजबिल घरमालकाच्या नावावर असेल, तर या एका कागदासाठी महिन्याला शंभर रुपये जास्त गेले तरी मी समजू शकतो. आमच्या घरात पोस्टपेड राहिलेला एक नंबर बायकोचा, तोही तिचं ऑफिस भरतं म्हणून.

आईसारख्या साध्या फोनवाल्यांचा मात्र प्रश्नच नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं, आणि पुढच्याच महिन्यात एअरटेलचा १,८४९ चा ३६५ दिवसांचा पॅक आला. दिवसाला पाच रुपये. पोस्टपेडमध्ये याच्या जवळपास जाणारं मला काही सापडलं नाही.

बदलायचं ठरवलंत तर पोर्ट करायची गरज नाही. त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड २०२१ पासून ओटीपीवर होतं, नंबर आणि सिम तेच राहतं. पोर्टच करायचं असेल तर बिल निघाल्या निघाल्या भरा आणि दुसऱ्याच दिवशी १९०० वर मेसेज टाका, म्हणजे मधले दिवस कमीत कमी राहतील. त्याआधी बिलातल्या सगळ्या ‘सेवा’ बंद करून घ्या. आणि तक्रार केलीत तर तिचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) लिहून ठेवा. पुढे अपिलात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच मागतात.