गोगलगायींच्या फळांसाठी ‘फ्रूट वॉश’ घ्यावा की नळाचे पाणी पुरे?

ब्रिटनमध्ये आफ्रिकन महाकाय गोगलगाय हा शाळांच्या वर्गांत आणि घरांत सर्रास दिसणारा पाळीव प्राणी आहे. ती पाळणे येथे कायदेशीर आहे, मात्र १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानुसार तिला बाहेर मोकळे सोडणे हा गुन्हा आहे. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यांचे कोवळे सोयाबीन २०२२ च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी फस्त केले, त्यांना हे वाचून हसावे की रडावे ते कळणार नाही, कारण ती शंखी गोगलगाय हीच. भारतात तिला घरी आणण्याचा विचारही कोणी करू नये. येथे ब्रिटनमध्ये मात्र आमच्या मुलीच्या काचेच्या पेटीत त्या शंखीच्या दोन सुखवस्तू बहिणी राहतात आणि त्यांच्या फळांसाठी म्हणून सुपरमार्केटमधून फळे-भाज्या धुण्याच्या द्रावणाची फवाऱ्याची बाटली घरात आली. हे परीक्षण त्या बाटलीचे आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक बाटल्यांचा मसाला थोड्याफार फरकाने हाच असतो.

बाटलीवर तीन दावे आहेत: माती जाते, मेण जाते, शेतीतील रसायने जातात. पाठीमागचा बारीक मजकूर वाचल्यावर घटक दिसतात ते असे: पाणी, ५ टक्क्यांपेक्षा कमी फेसकारक द्रव्य, सायट्रिक आम्ल, सोडियम सायट्रेट आणि लिंबाचा वास देणारे लिमोनीन. माणसाच्या दृष्टीने यात घाबरण्यासारखे काही नाही. गोगलगायीचा हिशेब मात्र वेगळा असतो. तिचे अंग सदैव ओले असते, चिकट स्रावाचा थर हेच तिचे संरक्षण असते आणि ती ज्यावरून सरपटते त्याचा अंश थेट त्वचेवर येतो. शिवाय ती फळाचा तुकडा तोडून खात नाही, तर हजारो सूक्ष्म दातांच्या जिभेने पृष्ठभाग खरवडून खाते, म्हणजे सालीवर जे काही उरले असेल तेच सर्वांत आधी तिच्या पोटात जाते. लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळे आम्लामुळे गोगलगायींना देऊ नयेत, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असते. फळ धुण्याच्या निमित्ताने तेच आम्ल दुसऱ्या दाराने आत आणण्यात काय अर्थ आहे, हा माझा या उत्पादनावरचा पहिला आक्षेप.

प्रत्यक्ष वापरात बाटलीने काही बाबतींत चांगले काम केले, हेही नोंदवले पाहिजे. दुकानातील सफरचंदांवर चकाकीसाठी मेणाचा हात दिलेला असतो. द्रावण फवारून, बोटांनी चोळून आणि धुऊन घेतल्यावर साल हाताला निसरडी लागेनाशी झाली, तर केवळ गार पाण्याने ती तशीच राहिली होती. काकडीवरही फरक जाणवला. अडचण होती ती सफरचंदाच्या देठाजवळच्या खळगीत. सूचनेप्रमाणे ‘नीट धुऊन’ झाल्यावर त्या खळगीत टिचकीभर पाणी घालून बोट फिरवले, तर पुन्हा बारीक फेस आला आणि लिंबाचा वास आला. स्ट्रॉबेरीचे तर विचारूच नका, कारण तिच्या प्रत्येक बीभोवती एक खोलगट घर असते आणि जे द्रावण तिथे शिरते ते सहजासहजी बाहेर येत नाही. शिल्लक राहिलेला फेस काढायला जेवढे पाणी लागते, तेवढ्या पाण्यात बाटलीशिवायही फळ स्वच्छ झाले असते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन फळांना साबण, डिटर्जंट किंवा विकतचे फळ-धुणे लावू नका, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, असेच सांगते, आणि तो सल्ला माणसांसाठी आहे.

रसायने जातात हा दावा अर्धाच खरा मानावा लागतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण सर्वांत सरस ठरले होते, परंतु त्यासाठी फळ १२ ते १५ मिनिटे बुडवून ठेवावे लागले, आणि सालीच्या आत मुरलेला अंश त्यानेही निघाला नाही. फवारून अर्ध्या मिनिटात धुऊन टाकण्याच्या बाटलीकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. जे आत मुरले आहे त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे साल काढणे.

गोगलगायीला खरा धोका कोणत्या रसायनाचा, याचा विचार तर बाटलीवर कोठेच नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही, कारण ती मुख्यतः माणसांच्या फळांसाठी बनवली आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला विचारले तर तो लगेच सांगेल: मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे १ टक्का बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे बुरशीनाशक फवाऱ्याचे, प्रमाण बागांमध्ये पाठ असते. बुरशीवर रामबाण असलेले हे तांबे गोगलगायींचा कर्दनकाळ आहे, इतके की मोरचुदाचा वापर गोगलगायी मारण्यासाठीही केला गेला आहे. गंमत अशी की गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यही तांब्याचेच असते, पण म्हणून तिला बाहेरचे तांबे मानवते असे नाही. भारतात उन्हाळा लागतो त्या सुमारास येथील दुकानांत भारतीय द्राक्षे येतात तेव्हा गावाकडच्या आठवणीने ती घेतली जातातच. या निर्यातीच्या बागांची अपेडा या भारत सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंद असते आणि मालाचे नमुने रसायनांच्या उरलेल्या अंशासाठी तपासले जातात, त्यामुळे ती आपण निर्धास्तपणे खावीत. मात्र त्या तपासणीतील मर्यादा माणसाचे वजन आणि माणसाचा आहार धरून ठरवलेल्या असतात, वाटीत मावणाऱ्या प्राण्यासाठी नव्हे. आमच्याकडे गोगलगायींना द्राक्ष द्यायचेच झाले तर सोलून अर्धे, नाहीतर नाही.

‘सेंद्रिय’ लेबलवर विसंबणाऱ्यांनीही जरा थांबावे. ग्रेट ब्रिटनमध्ये गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा उघड्यावरील वापर एप्रिल २०२२ पासून बंद झाला, हे खरे. परंतु त्यांच्या जागी आलेल्या फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या सेंद्रिय शेतीतही चालतात, आणि त्यांचे कामच गोगलगायी मारणे हे आहे. या गोळ्या जमिनीवर पसरतात, त्यामुळे झाडावरच्या सफरचंदापेक्षा मातीलगत वाढणाऱ्या स्ट्रॉबेरीची आणि पालेभाजीची काळजी जास्त घ्यावी लागते. त्यातही फेसाचे काही काम नसून एकेक फळ देठ काढण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली फिरवून धुण्याचे काम आहे.

बाटली न वापरता आमच्या घरी जी पद्धत ठरली आहे ती सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ राहणार नाही. पिकलेला आंबा, पपई, केळे, खरबूज यांची साल काढूनच टाकायची असते, म्हणून तीच सर्वांत सोयीची फळे. आधी हात साध्या पाण्याने धुवावेत, फळ नळाखाली चोळून धुवावे आणि साल कापण्याच्या आधी धुवावी, नंतर नव्हे, कारण सुरीची धार सालीवरचे सगळे गरात घेऊन जाते. सफरचंद सोलून त्यातील बिया काढून टाकाव्यात. फोडी फ्रिजमधून थेट न देता खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. आपल्या स्वयंपाकघरात एक जास्तीची दक्षता लागते, ती म्हणजे स्वतंत्र पाट आणि स्वतंत्र सुरी. ज्या पाटावर सकाळी कांदा चिरला, लिंबू कापले किंवा कैरीच्या फोडींना तिखट-मीठ चोळले, तो कितीही पुसला तरी गोगलगायीच्या कामाचा नाही, कारण मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. हीच सुरी-पाट उलट दिशेनेही वेगळी हवीत: गोगलगायींच्या अंगावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, तेव्हा पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुणे हे मुलांच्या अंगवळणी पाडावे.

फळ हे रोजचे जेवण नव्हे, हेही येथेच सांगणे बरे. काकडी, भोपळा, लेट्यूस हा पोटभरीचा भाग, आणि फळ आठवड्यातून एक-दोनदा, नखाएवढ्या फोडीत. साखरेवर बुरशी आणि चिलटे लवकर जमतात, म्हणून उरलेले फळ दुसऱ्या सकाळपर्यंत पेटीत ठेवू नये. कवचासाठी कॅल्शियम फळांतून पुरेसे मिळत नाही. त्याकरिता समुद्रफेसाचा, म्हणजे कटलफिशच्या आतल्या कवचाचा, तुकडा पेटीत कायम असावा.

आता निकाल. माणसांच्या घरासाठी या द्रावणाला पाचपैकी तीन गुण देता येतील: मेण काढते, वास बरा आहे, फवारा अडकत नाही, पण बाटली पाहता पाहता संपते आणि तिच्या किमतीत दोन-तीन किलो चांगली सफरचंदे येतात. गोगलगायींसाठी एकही गुण देता येणार नाही. चुकून ते वापरले गेलेच असेल तर फळ पुन्हा भरपूर पाण्याने धुवावे, सोलावे आणि देठाकडचा भाग कापून टाकावा. उत्पादकांनी एवढे तरी करावे की ‘पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी योग्य’ असे जे मोघम वाक्य पुढच्या बाजूला छापले आहे, त्यात कोणते प्राणी अभिप्रेत आहेत ते लिहावे, कारण सशाला आणि कुत्र्याला जे चालते ते कवचातल्या प्राण्याला चालेलच असे नाही, आणि दुकानात उभ्या असलेल्या मुलाला हा फरक बाटलीनेच सांगायला हवा.