कारपूल ॲप: जायला गाडी मिळते, परतायचं काय?

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं कारपूल ॲप मी जवळजवळ वर्षभर वापरतेय. माझी स्वतःची गाडी नाही, त्यामुळे हे सगळं मागच्या सीटवरून लिहिलंय असं समजा. सकाळच्या प्रवासासाठी ॲपला दहापैकी नऊ गुण. संध्याकाळसाठी चार, तेही सढळ हाताने.

सकाळी सगळ्यांना पहिलं लेक्चर गाठायचं असतं. वेळ ठरलेली, ठिकाण एकच, त्यामुळे जोड्या पटापट जुळतात. संध्याकाळी कुणाचं प्रॅक्टिकल लांबतं, कुणाला गाइड थांबवून घेतात, कुणी लायब्ररीत बसतं. जिच्या गाडीतून सकाळी आलो ती दुपारीच निघून गेलेली असते. ॲप मात्र जाणं आणि येणं या दोन सुट्या राइड मानतं. सकाळची सीट पक्की झाली की हिरवी खूण येते आणि परतीचा विषयच निघत नाही. टॅक्सीच्या ॲपला हे चालून जातं, कारण तिथे गाडी हवी तेव्हा मागवता येते. इथे परतीची खात्री नसेल तर माणूस सकाळीच बस धरतो. संध्याकाळच्या गैरसोयीपायी सकाळचीही सीट रिकामी जाते, आणि हे ॲप बनवणाऱ्यांना त्यांच्या आकड्यांत दिसतही नसेल, कारण बस धरणाऱ्याने राइड शोधलेलीच नसते. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी ॲप काढून टाकलं, त्यांचं कारण हेच.

जाण्या-येण्याचा शोध एकत्रच व्हायला हवा. परतीची गाडी सकाळचीच असायला हवी असं नाही, वेगळी चालेल, पण सीट पक्की करतानाच ती दिसू दे. आणि काहीच जुळलं नाही तर? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नोकरदारांसाठी ‘गॅरंटीड राइड होम’ योजना असतात. कारपूलने कामावर आलेल्याला अडचणीमुळे अवेळी घरी जावं लागलं, तर वर्षातून ठरावीक वेळा टॅक्सीचा खर्च योजना उचलते. ही सोय प्रत्यक्षात फार कमी लोक वापरतात, पण ती आहे म्हटल्यावर सकाळी गाडी घरी ठेवायची हिंमत होते. विद्यापीठाने मनावर घेतलं तर अवघड नाही.

बाकी जुळणीचं काम आता बरं चाललंय. सुरुवातीला ॲप हवाई अंतर मोजायचं. गाडी माझ्यापासून अगदी जवळ दिसायची, पण मध्ये हायवे, आणि पलीकडे जायला मोठा वळसा. मध्यंतरीच्या अपडेटनंतर मला घेतल्यामुळे गाडीवाल्याची किती मिनिटं वाढतात, ते मोजलं जातं. खरं माप हेच. गाडीवाला किलोमीटर मोजत नाही, लेक्चरला उशीर होईल का एवढंच बघतो. म्हणूनच प्रत्येकाच्या दारात जाऊन उचलण्याचा पर्याय मला मुळातच चुकीचा वाटतो. तिघांच्या दारात थोडं थोडं थांबलं की चौघांचं पहिलं लेक्चर गेलं. मुख्य रस्त्यावरच्या ठरलेल्या थांब्यांवर, तेही जायच्या बाजूच्या कडेला, भेटणं उत्तम. शिवाय त्यामुळे कुणाचं घर नेमकं कुठे आहे हे अनोळखी माणसाला कळत नाही.

रेटिंगबद्दल जरा सविस्तर बोलते. इथे सगळ्यांना पाच तारे आहेत. अक्षरशः सगळ्यांना, फोनवर बोलत गाडी हाकणाऱ्यालासुद्धा. ज्याला उद्या वर्गात बघायचंय त्याला तीन तारे कोण देणार? टॅक्सीवाला पुन्हा भेटत नाही, म्हणून तिथे तारे थोडेफार खरे असतात. कॅम्पसवर त्याऐवजी एकच प्रश्न पुरे: ‘यांच्यासोबत पुन्हा जाल का?’ उत्तर कुणालाही दाखवायचं नाही, फक्त पुढच्या जुळणीत वापरायचं. नको म्हटलेला माणूस मला पुन्हा सुचवला नाही की झालं, त्याला कारणही कळायला नको.

‘फक्त मुली’ हा फिल्टर आहे आणि तो हवाच. पण तो लावला की गाड्या एकदम कमी होतात, संध्याकाळी तर जवळजवळ संपतात. मला आणि माझ्या मैत्रिणींना बहुतेकदा एवढंच हवं असतं की गाडीत आणखी एक तरी मुलगी असावी. हा मधला पर्याय कुणाला सुचलेला दिसत नाही. विद्यापीठाच्या ईमेलवरून खातं उघडायची अट चांगली आहे, पण शिक्षण संपल्यावरही खातं चालूच राहतं. दर सेमिस्टरला नव्याने पडताळणी व्हायला हवी.

पैशांचा भाग छान जमलाय. इंधनाचा खर्च गाडीवाल्यासकट सगळ्यांत वाटला जातो आणि हिशेब महिनाअखेरीस होतो, म्हणजे उतरताना सुट्ट्यांवरून अवघडलेपण नाही. गाडीवाल्याने नफा कमवायचा नाही ही अटही योग्य. नफा सुरू झाला की अनेक देशांत तो धंदा ठरतो आणि खासगी गाडीचा विमा हात वर करू शकतो.

अशी ॲप टिकवणं सोपं नाही, हे मान्य. ‘झिमराइड’ ही अमेरिकेतली कारपूल सेवा 2007 मध्ये कॉर्नेल विद्यापीठापासून सुरू झाली. ती चालवणाऱ्यांनीच 2012 मध्ये ‘लिफ्ट’ (Lyft) हे टॅक्सीसारखं ॲप काढलं आणि पुढच्याच वर्षी झिमराइड विकून टाकलं. गूगल पाठीशी असूनही ‘वेझ’ या रस्ता दाखवणाऱ्या ॲपचं ‘वेझ कारपूल’ 2022 मध्ये बंद झालं. पण कॅम्पसकडे एक गोष्ट आयती आहे: टाइमटेबल. ते सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदा भरायची सोय आमच्या ॲपमध्ये आहे. मात्र परीक्षा सुरू झाल्या तरी ते जुन्याच वेळांच्या राइड सुचवत बसतं.

सध्या मी सकाळसाठी ॲप वापरते. परतीसाठी सकाळच्या सहप्रवाशांचाच एक चॅट ग्रुप झालाय. दुपारी कुणीतरी ‘किती वाजता निघताय?’ विचारतं, तिघं-चौघं वेळ टाकतात आणि गाडी ठरते. ॲपने हाच प्रश्न दुपारी सगळ्यांना विचारावा आणि उत्तरांवरून गाड्या जुळवाव्यात. कारण नव्याने आलेल्या मुलीला आमच्या ग्रुपमध्ये यायला आधी कुणाची तरी ओळख लागते, आणि तिची अजून कुणाशीच ओळख नसते.