करिअर काउन्सेलिंगला ३५०० रुपये घातले, त्याबद्दल

बीएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालूय माझं, गाव परभणीकडचं, शिकायला पुण्यात. घरच्यांचं बारावीपासून एकच, एमपीएससी कर, कारण मामाचा मुलगा पीएसआय झाला तेव्हा गावात निघालेली मिरवणूक पप्पांनी बघितलीय. तुला काय करायचंय असं कुणी विचारलं की मला नुसतं रडू यायचं, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून सदाशिव पेठेत एका काउन्सेलर मॅडमकडे गेले. टेस्ट धरून तीन सेशन.

टेस्ट म्हणजे हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेले आवडीचे सहा प्रकार, त्यातले आपले कुठले ते बघतात. माझं संशोधक आणि सामाजिक आलं, हे थोडंफार माहीतच होतं. नुसत्या टेस्टसाठी जाणार असाल तर जाऊ नका.

पण दुसरं सेशन! मॅडमनी चार्टपेपर दिला, आजी-आजोबांपासून सगळ्यांचं झाड काढ आणि प्रत्येकाखाली काम लिही म्हणाल्या. मी भराभर लिहिलं, शेती, शेती, तलाठी, मास्तर, पोलीस, आणि बायकांखाली सगळीकडे 'घरी'. मॅडमनी आत्याच्या नावावर बोट ठेवून एवढंच विचारलं, ह्या दिवसभर काय करतात? आत्याचे मिस्टर वारल्यापासून ती ब्लाऊज शिवून दोन पोरं शिकवतीये, दिवाळीत हाताखाली तीन बायका असतात, आणि मी 'घरी' लिहिलेलं. खोडताना हात थरथरत होता माझा.

'हे मला जमेल' हा विश्वास आपल्यासारखंच कुणी ते काम करताना दिसलं की वाढतो, बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच हे मांडलंय असं मॅडम म्हणाल्या. मला लॅबमधलं काम मनापासून आवडतं पण तिथं नोकरी करणारी एकही बाई ओळखीत नव्हती, म्हणून तोंडातून कधी निघालंच नाही. मॅडमनी फार्मा कंपनीत क्यूसी केमिस्ट (म्हणजे औषधांची गुणवत्ता लॅबमध्ये तपासणाऱ्या) असलेल्या एका ताईंना फोन लावून दिला, त्यांनी वीस मिनिटं शिफ्ट, पगार, रात्रीची बस सगळं मोकळेपणाने सांगितलं.

तिसऱ्या सेशनला पप्पा आले. खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे की, घाई कशाला, म्हणाले. मॅडमनी वाद घातला नाही, फक्त विचारलं, तोवर खर्च कोण बघणार आणि पोस्ट नाही निघाली तर हिच्या हातात काय? पप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, लॉकडाऊनमध्ये माझ्या भावाला कंपनीने एका फोनवर घरी बसवलं, सरकारी नोकरीत असं कुणी करत नाही. एवढी वर्षं मला वाटायचं त्यांना मिरवणूक पाहिजे, आणि खरं तर माझी काळजी होती ती. शेवटी ठरलं, नोकरी बघायची आणि सोबत दोनदा परीक्षा द्यायची.

तक्रार एकच, रिपोर्ट २२ पानी आणि अख्खा इंग्रजीत, पप्पांना काय वाचून दाखवणार? मागितल्यावर मॅडमनी दोन पानं मराठीत हाताने लिहून दिली, तुम्हीही मागाच. आणि तिसऱ्या सेशनला आई नाहीतर वडील, कुणाला तरी न्याच.