बंदुकीच्या स्क्रूसाठी मागवलेले बिट आणि गेलेले 6,930 रुपये

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात रानडुकरांचा उपद्रव असल्यामुळे वडिलोपार्जित बारा बोअरची दुनाळी बंदूक परवान्यासह घरी आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीसाठी ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागली आणि परत आणली तेव्हा बाजूच्या पट्टीचा स्क्रू ढिला झाला होता.

नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते होत गेल्यामुळे ते खाचेच्या वरच्या कडांनाच टेकते आणि जोर देताच उसळून खाच चेचते. बंदुकीला दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले, टोकाशी समांतर पाते लागते. जाडीने ते खाच भरून काढणारे हवे आणि रुंदीने स्क्रूच्या माथ्याबाहेर न जाणारे. हे मला ठाऊक होते, त्यामुळे अज्ञानातून फसलो असे कोणी म्हणू नये.

मोबाइलवरील जाहिरातीत 44 परदेशी बिटांचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीत बसवायच्या सुट्या पात्यांचा, संच 4,350 रुपयांना होता. 500 रुपये आगाऊ दिले, मग उरलेले 3,850. माल मुंबईच्या गोदामात आहे असे सांगणाऱ्या विक्रेत्याने त्यानंतर ‘कस्टम’ म्हणून 1,180 रुपये मागितले आणि तेही मी वैयक्तिक खात्यावर पाठवले. त्याहून जिव्हारी लागते ते जाहिरातीतले दुसरे छायाचित्र. त्यात एक बिट आडवा ठेवलेला होता आणि त्याच्या बाजू छिन्नीसारख्या टोकाकडे मिळत गेलेल्या स्पष्ट दिसत होत्या. मी तो फोटो मोठा करून पाहिला, आणि ही सावली असेल अशी स्वतःची समजूत घातली. जो विक्रेता पात्याचे टोक बाजूने दाखवत नसेल, त्याच्याकडून एकही बिट घेऊ नका.

आले ते चकचकीत मुलामा दिलेले साधे बिट. तरीही मी ते वापरून पाहिले, कारण पाऊस तोंडावर होता आणि भाताची पेरणी झाली होती. तिसऱ्या प्रयत्नात बिटाचे टोक पिळले आणि स्क्रूची खाच फाटली. बेळगावच्या परवानाधारक कारागिराने नवा स्क्रू घडवून बसवण्याचे 1,400 रुपये घेतले. खाच आधी कॅलिपरने (जाडी-रुंदी मोजण्याच्या साधनाने) मोजा, आणि अडकलेल्या स्क्रूला जोर लावण्यापूर्वी तेल सोडून रात्रभर थांबा.

तक्रारीचा अनुभव मात्र या सगळ्यापेक्षा संतापजनक ठरला. जवळच्या ठाण्याने सायबर ठाण्याकडे पाठवले, तिथे मराठीतला अर्ज परत करून कन्नडमध्ये लिहून आणण्यास सांगितले, आणि कन्नड अर्ज घेऊन गेलो तेव्हा संबंधित अधिकारी बंदोबस्तावर असल्याचे कळले. चार फेऱ्यांनंतरही पोच मिळाली नाही. बँकेने तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ एवढ्यावर विषय संपवला. बंदुकीचे नाव काढताच मात्र प्रत्येक जण आधी माझा परवाना मागत होता, जणू गुन्हा मीच केला होता!

पैसे गेल्याचे लक्षात येताच त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी नऊ दिवस विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहिली. खोके उघडतानाचे चित्रीकरण ठेवा. अर्जाची कन्नड प्रत पहिल्याच फेरीला सोबत न्या आणि पोच हातात पडल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.