एआय स्टार्टअप: कोणत्या देशाचा कायदा किती जड पडतो?

कंपनीची नोंदणी कुठे करायची, यावर नवे संस्थापक महिनोन्‌महिने काथ्याकूट करतात. एआय कायद्यापुरतं बोलायचं तर त्या पत्त्याला फारसं महत्त्व नाही. तुमच्या साधनाचा निकाल कुठल्या माणसांवर लागू होतो, हे पाहिलं जातं. म्हणून बायोडेटा चाळून उमेदवारांना गुण देणारं एकच सॉफ्टवेअर घेऊ आणि ते देशोदेशी नेऊन पाहू.

सर्वांत कडक युरोपीय संघ. 1 ऑगस्ट 2024 ला अमलात आलेला कायदा नोकरभरतीची साधनं ‘उच्च जोखीम’ गटात टाकतो. कंपनी बाहेरची असली तरी निकाल संघात वापरला जाणार असेल, तर सुटका नाही. जोखीम-व्यवस्थापन, 10 वर्षं जपायची तांत्रिक कागदपत्रं, किमान 6 महिने ठेवायच्या स्वयंचलित नोंदी, माणसाची देखरेख, सीई चिन्ह (युरोपीय नियम पाळल्याची खूण) आणि संघाच्या डेटाबेसमध्ये नोंद, एवढं सगळं लागतं. दिलासा असा, की भरतीच्या साधनाची अनुरूपता-तपासणी, म्हणजे ते कायद्याच्या अटींत बसतं का हे पाहणं, कंपनीला स्वतः करता येते.

बहुतेक जण इथेच चुकतात: ‘आम्ही फक्त शिफारस करतो, निर्णय माणूस घेतो’ असं म्हणून ‘उच्च जोखीम’ गटातून सवलत मागतात. किरकोळ, पूर्वतयारीच्या कामांना सवलत आहे. पण साधन व्यक्तीचं प्रोफाइलिंग (माहितीवरून माणसाचं आपोआप मूल्यमापन) करत असेल तर ती मिळत नाही, आणि उमेदवाराला गुण देणं म्हणजे प्रोफाइलिंगच. व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची सोय जोडली, तर 2 फेब्रुवारी 2025 पासून त्यावर थेट बंदी आहे. ती मोडल्यास दंड 3.5 कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या 7 टक्क्यांपर्यंत. स्टार्टअपला यातली कमी रक्कम लागू होते. उच्च जोखमीच्या अटींची मूळ तारीख 2 ऑगस्ट 2026 होती. ती लांबवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये आला, तेव्हा करार करण्याआधी ताजी स्थिती तपासा.

अमेरिकेत देशभरासाठी असा एक कायदा नाही; राज्यं आणि शहरं आपापले नियम करतात. न्यूयॉर्क शहरात वर्षभराच्या आत झालेलं स्वतंत्र पक्षपात-ऑडिट लागतं. त्यात लिंग, वंश अशा प्रत्येक गटाच्या निवडीचं प्रमाण सर्वाधिक निवड झालेल्या गटाशी ताडून पाहतात. सारांश जाहीर करायचा आणि उमेदवाराला कामकाजाचे 10 दिवस आधी कळवायचं. जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर आहे, तरी ऑडिटसाठी लागणारा डेटा तो तुमच्याकडेच मागणार.

दक्षिण कोरियाचा कायदा 22 जानेवारी 2026 पासून लागू आहे. भरती त्यातही ‘मोठा परिणाम करणाऱ्या’ गटात येते, पण दंडाची कमाल मर्यादा 3 कोटी वॉन, म्हणजे युरोपच्या मानाने अगदी थोडी. जपानच्या 2025 च्या कायद्यात दंडच नाही. चीनमध्ये उमेदवारांशी बोलणारा, सर्वांसाठी खुला चॅटबॉट जोडलात की जनरेटिव्ह एआयचे (मजकूर, चित्रं स्वतः तयार करणाऱ्या एआयचे) 2023 चे नियम लागू होतात, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून एआयने बनवलेल्या मजकुरावर तशी खूणही सक्तीची आहे.

आमचं मत: सुरुवात अमेरिकेत किंवा जपानमध्ये करा, पण नोंदी पहिल्या दिवसापासून युरोपच्या मापाने ठेवा. कागदपत्रं मागाहून लिहिता येतात, नोंदी नाही. प्रत्येक अर्जामागे चार गोष्टी साठवा: मॉडेलची आवृत्ती, त्याला दिलेली माहिती, मिळालेले गुण, आणि भरती अधिकाऱ्याने तो निकाल बदलला असल्यास त्याचं कारण.